ग्रामीण वापरातील विजेरीची बांधणी आणि विद्युतघटाची निवड : वलगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

विजेरी हे घरोघरी आढळणारे आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेले साधन आहे. रात्रीच्या ओलितासाठी शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ते सुरक्षिततेचे साधन ठरते. प्रस्तुत लेखात अमरावती जिल्ह्यातील वलगाव परिसराचा संदर्भ घेऊन विजेरीची बांधणी व तिच्यात वापरले जाणारे विद्युतघट यांचे भौतिक व रासायनिक अंगाने विवेचन केले आहे. एका रात्रीच्या कामास लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब मांडून कोणत्या गरजेसाठी कोणती बांधणी व कोणता घट योग्य ठरतो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न येथे आहे. प्रकाशाच्या झोताची लांबी हा खरेदीचा एकमेव निकष मानणे चुकीचे असून झोताचा पसारा, घट बदलण्याची सोय व चार्जिंगची सुरक्षितता हे निकष अधिक महत्त्वाचे आहेत, असा निष्कर्ष निघतो.

बीजशब्द : विजेरी, विद्युतघट, एलईडी, रात्रीचे ओलित, सर्पदंश, बॅटरी कचरा

१. प्रस्तावना

अमरावती–परतवाडा मार्गावर, पेढी नदीच्या काठी वलगाव हे गाव वसलेले आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी याच गावाजवळ, पेढी नदीच्या पुलानजीक देह ठेवला. त्यामुळे हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. पेढी ही पूर्णेची उपनदी. या परिसरातील काळ्या जमिनीत खरिपात कपाशी, सोयाबीन व तूर ही पिके घेतली जातात आणि ओलिताची सोय असेल तेथे रब्बीत हरभरा व गहू पेरला जातो.

रब्बीच्या ओलिताचा थेट संबंध विजेच्या वेळापत्रकाशी आहे. महाराष्ट्रात कृषिपंपांच्या वाहिन्यांना चक्राकार पद्धतीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज देण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी येते, त्या आठवड्यात शेतकऱ्याला रात्री शेतात जावेच लागते. मोटार सुरू करणे, तुषार संचाचे पाइप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात हलविणे, फुटलेली दांडे बांधणे ही कामे अंधारात करावी लागतात. दिवसा वीज मिळावी या उद्देशाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. तथापि, दिवसा वीज मिळाली तरी रानडुकरे व रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी करावी लागणारी जागल सुटत नाही.

रात्रीच्या शेतात सर्वांत मोठा धोका सापाचा असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे चार विषारी साप असून त्यांपैकी मण्यार हा निशाचर आहे आणि घोणसही प्रामुख्याने रात्रीच वावरते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. ही सरासरी दरवर्षी सुमारे ५८ हजार इतकी भरते. या मृत्यूंपैकी निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील होते. पायात बूट, हातात काठी आणि समोर उजेड ही सर्पदंश टाळण्याची सर्वांत सोपी त्रिसूत्री आहे. या त्रिसूत्रीतील तिसरे अंग म्हणजे विजेरी. ती ऐन वेळी विझली, तर होणारी हानी ही केवळ गैरसोय राहत नाही. या दृष्टीने विजेरीच्या बांधणीचा व घटांचा विचार होणे आवश्यक आहे.

२. संज्ञेचा प्रश्न

वऱ्हाडातील बोलीत संपूर्ण विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्यात घालावयाच्या घटांना ‘सेल’ म्हणतात. ‘बॅटरी बसली’ या वाक्याचा अर्थ सेल संपले, चार्जिंग उतरले किंवा विजेरीच बिघडली असा तिन्ही प्रकारे होऊ शकतो. शास्त्रीय परिभाषेत एकेका एककास विद्युतघट आणि असे अनेक घट एकत्र जोडले असता होणाऱ्या समूहास बॅटरी म्हणतात. प्रस्तुत लेखात संपूर्ण साधनासाठी विजेरी व एककासाठी घट किंवा सेल हे शब्द योजिले आहेत. हा भेद केवळ भाषिक नाही. दोष विजेरीत आहे की घटात आहे, हे वेगळे ओळखता आले तरच दुरुस्ती शक्य होते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये जस्त व मँगनीज डायऑक्साइड यांचा ओला घट तयार केला. १८८०च्या दशकात कार्ल गास्नर याने त्यातील द्रव घट्ट लगद्याच्या रूपात बांधून कोरडा विद्युतघट सिद्ध केला. हा घट आडवा-उभा कसाही धरता येत असल्यामुळेच हातात धरण्याजोगी विजेरी शक्य झाली. १८९९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मिसेल याला नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले. ते कॉनराड ह्युबर्टच्या कंपनीकडे होते आणि हीच कंपनी पुढे एव्हरेडी या नावाने प्रसिद्ध झाली. आरंभीचे घट सलग प्रवाह देऊ शकत नसत. क्षणभर उजेड पाडून विजेरी बंद ठेवावी लागे आणि इंग्रजीतील ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यावरूनच पडले.

भारतात आयात सेलांचा काळ संपून १९३९ मध्ये कोलकाता येथे एव्हरेडीचा कारखाना उभा राहिला. पुढे हा व्यवसाय युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीच्या नावाने चालला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेशी जोडली गेलेली कंपनी हीच होय. नव्वदच्या दशकात तिची मालकी भारतीय उद्योगसमूहाकडे आली. अलाहाबादची जीप, मुंबईची एस्ट्रेला आणि १९७०च्या दशकात जपानी सहकार्याने सुरू झालेले निप्पो व नोविनो हे अन्य परिचित छाप होत. एव्हरेडीची ‘जीवनसाथी’ ही पितळी विजेरी ग्रामीण घरांत दीर्घकाळ टिकलेली वस्तू ठरली.

यानंतरचे मोठे परिवर्तन प्रकाशाच्या उगमात झाले. निळ्या एलईडीच्या शोधामुळे १९९६ पासून पांढऱ्या एलईडी बाजारात येऊ लागल्या. या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरीकडे १९९१ मध्ये लिथियम-आयन घट व्यापारी स्वरूपात उपलब्ध झाला आणि त्यामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आजची विजेरी ही या दोन शोधांची संयुक्त निष्पत्ती आहे.

४. विजेरीची बांधणी

४.१ विद्युत मंडलाचा भाग म्हणून नळी

पारंपरिक विजेरीचे मुखभाग, नळी व बुडाचे झाकण असे तीन भाग असतात. धातूच्या विजेरीत नळी ही केवळ सेल ठेवण्याची जागा नसते. ती स्वतःच विद्युत मंडलाचा भाग असते. सेलाच्या बुडाकडील ऋण टोकापासून झाकणातील स्प्रिंग, तेथून झाकणाचे आटे, नळी, खटका व शेवटी दिवा असा धारेचा मार्ग असतो. यांपैकी कोणत्याही सांध्यावर गंज किंवा मळ बसला की तेथील रोध वाढतो आणि सेल नवे असूनही उजेड मंद पडतो. विजेरीवर थाप मारल्यावर ती पुन्हा उजळते, याचे कारण हेच. अशा वेळी सेल बदलण्याऐवजी आटे व स्प्रिंग कोरड्या फडक्याने किंवा बारीक पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करणे हा खरा उपाय होय.

प्लॅस्टिकच्या नळीत धारेसाठी धातूची पातळ पट्टी स्वतंत्रपणे बसवावी लागते. ही पट्टी वाकली वा सैल झाली की विजेरी निकामी होते. मात्र प्लॅस्टिक गंजत नाही, वजनाला हलके असते व थंडीच्या रात्री हाताला गार लागत नाही, हे त्याचे गुण नाकारता येत नाहीत.

नळीची लांबी व जाडी सेलांच्या आकारावरून ठरते. मोठ्या सेलाचा, म्हणजे आर-२० आकाराचा, व्यास सुमारे ३४ मिमी व लांबी सुमारे ६१.५ मिमी असते. दोन सेलांसाठी १२३ मिमी व तीन सेलांसाठी सुमारे १८५ मिमी जागा लागते. मुखभाग व झाकण धरून तीन सेलांची विजेरी हातभर लांब होते ती यामुळेच. लिथियम-आयनचा १८६५० हा घट केवळ १८ मिमी जाड व ६५ मिमी लांब असल्यामुळे नवी विजेरी खिशात मावते.

४.२ झोताचे प्रकाशशास्त्र

विजेरीच्या मुखभागात अन्वस्त आकाराचा आरसा असतो. त्याच्या नाभीवर दिवा असेल तर किरण समांतर निघतात व झोत लांब जातो. दिवा नाभीपासून सरकला की झोत पसरतो. जुन्या विजेरीत मुखभाग फिरवून झोत लहान-मोठा करता येत असे, तो याच तत्त्वावर. एलईडी ही समोरच्या अर्ध्या भागातच प्रकाश टाकते. त्यामुळे तिच्यासाठी आरशाऐवजी भिंगही वापरता येते.

झोताच्या लांबीचे गणित व्यस्त वर्गाच्या नियमानुसार चालते. अमेरिकेत २००९ मध्ये तयार झालेल्या एफएल-१ या मानकात ज्या अंतरावर प्रदीपन ०.२५ लक्स इतके उरते, ते अंतर झोताची लांबी म्हणून धरले जाते. हे प्रदीपन साधारणतः निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतके असते. या व्याख्येनुसार १०० मीटर झोतासाठी २,५०० कँडेला तीव्रता लागते, तर २०० मीटरसाठी १०,००० कँडेला लागते. म्हणजे लांबी दुप्पट करावयाची तर तीव्रता चौपट करावी लागते. वेष्टनावर छापलेल्या ‘पाचशे मीटर’ अशा दाव्याचा अर्थ त्या अंतरावर चांदण्याइतका उजेड असाच घ्यावयाचा असतो. तेथे वस्तू स्पष्ट ओळखता येईल असा तो अर्थ नाही.

याउलट, चालताना तीन मीटर पुढील जमिनीवर ५ लक्स प्रदीपन हवे असेल, तर केवळ ४५ कँडेला तीव्रता पुरते. पांदण रस्त्याने किंवा धुऱ्यावरून चालणाऱ्या माणसाला साप दिसावयाचा असतो तो पायापुढील दोन ते पाच मीटरच्या टप्प्यात. तेथे तीव्र व अरुंद झोतापेक्षा मंद पण पसरट उजेड अधिक उपयोगी ठरतो. अरुंद झोताच्या मधोमध लख्ख उजेड व भोवती गडद अंधार असतो, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि कडेची हालचाल नजरेतून सुटते. जागलीसाठी मात्र शेताच्या दुसऱ्या टोकाचे जनावर दिसावे लागते व तेथे लांब झोताचीच गरज असते. या दोन गरजा परस्परविरोधी असल्यामुळे दोन झोतांची किंवा झोत बदलता येणारी विजेरी शेतीकामास सर्वांत सोयीची ठरते.

डोक्याला बांधावयाच्या विजेरीमुळे दोन्ही हात मोकळे राहतात. फावडे किंवा पाइप हाती असताना ही मोठीच सोय होय. तथापि, तिचा उजेड डोळ्यांच्या रेषेतच पडत असल्याने सावल्या दिसत नाहीत व जमिनीचा चढ-उतार सपाट भासतो. हातातील विजेरी कमरेच्या खाली धरली असता ढेकळाची व सापाच्या वेटोळ्याची सावली उमटते आणि आकार ओळखू येतो. म्हणून काम करताना डोक्यावरील व चालताना हातातील विजेरी वापरणे श्रेयस्कर.

४.३ उष्णतेचे वहन

एलईडी थंड असते हा समज अर्धाच खरा आहे. तिच्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते, पण तिच्या पाठीमागे उष्णता साचते. ती वाहून नेली नाही तर प्रकाश कमी होतो व एलईडीचे आयुष्यही घटते. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता सामान्य प्लॅस्टिकच्या सुमारे हजारपट असते. अर्धा ते एक वॅटच्या विजेरीला प्लॅस्टिकची नळी चालून जाते. त्याहून बऱ्याच अधिक शक्तीच्या विजेरीला धातूची नळी असणे आवश्यक ठरते. मोठ्या वॅटचा दावा करणारी प्लॅस्टिकची विजेरी काही मिनिटांतच मंद होते, ते याच कारणाने.

४.४ पाणी, चिखल व धूळ

सरकत्या खटक्यासाठी नळीला खाच असते व त्या खाचेतून पाणी आत शिरते. रबराचे आवरण असलेला दाबावयाचा खटका आणि आट्यांवर बसविलेले रबरी कडे यांमुळे हा मार्ग बंद होतो. आंतरराष्ट्रीय संकेतांकात आयपीएक्स-४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, तर आयपी-६७ म्हणजे धुळीपासून पूर्ण संरक्षण व एक मीटर पाण्यात अर्धा तास तग. तुषार संचाखाली काम करणाऱ्यासाठी पहिली पातळी ही किमान अट मानावी. याशिवाय नळी गडगडू नये म्हणून मुखभागाला दिलेल्या कडा, ओल्या हातातून न निसटणारे खाचांचे पृष्ठ, मनगटात अडकवावयाची दोरी व चिखलात पडल्यास चटकन दिसेल असा भडक रंग या गोष्टी किमतीत अल्प फरक करतात, पण उपयुक्ततेत मोठी भर घालतात.

५. विद्युतघटांचे प्रकार

तक्ता क्र. १ : विजेरीत वापरले जाणारे घट (सर्व आकडे स्थूलमानाने)

| घटाचा प्रकार | विभवांतर (व्होल्ट) | आकार (मिमी) | वजन (ग्रॅम) | चार्जिंगची आवर्तने |
|---|---|---|---|---|
| जस्त-कार्बन, आर-२० | १.५ | ३४ × ६१.५ | ९० ते १०० | नाही |
| अल्कधर्मी, एलआर-२० | १.५ | ३४ × ६१.५ | १४० | नाही |
| निकेल-मेटल हायड्राइड, पेन्सिल सेल | १.२ | १४.५ × ५०.५ | २७ ते ३० | ५०० वा अधिक |
| बंद शिसे-आम्ल, दोन घट | ४ | विविध | विविध | २०० ते ३०० |
| लिथियम-आयन, १८६५० | ३.६ ते ३.७ | १८ × ६५ | ४५ ते ४८ | ३०० ते ५०० |
| लिथियम लोह फॉस्फेट | ३.२ | १८ × ६५ | ४० | १५०० वा अधिक |

५.१ जस्त-कार्बन घट : या घटाचे जस्ताचे भांडे हेच त्याचे ऋणाग्र असते. घट वापरला जातो तसतसे हे भांडे आतून झिजत जाते व अखेर त्याला छिद्र पडून क्षारयुक्त द्रव बाहेर येतो. पितळी नळीत हिरवा थर धरतो तो या द्रवामुळे. म्हणून हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवणे हा विजेरी टिकविण्याचा पहिला नियम आहे. मंद झालेले सेल उन्हात ठेवण्याची प्रथा ग्रामीण भागात सर्वत्र आढळते. उष्णतेने आतील आयनांचे वहन वाढते व अंतर्गत रोध तात्पुरता कमी होतो. विश्रांतीमुळे धनाग्राजवळील साचलेपणाही कमी होतो. त्यामुळे काही मिनिटे उजेड वाढतो हे खरे, पण नवी ऊर्जा निर्माण होत नाही आणि लगदा वाळणे व गळती या दोन्ही क्रिया वेगावतात. जुने व नवे सेल एकत्र घालणेही तितकेच हानिकारक होय. नवा सेल जुन्यातून बळेच धारा ढकलतो व जुना सेल लवकर फुटतो.

५.२ अल्कधर्मी घट : १९५०च्या दशकात लुइस अरी याने विकसित केलेला हा घट मोठी धारा दीर्घकाळ देऊ शकतो व अनेक वर्षे साठवता येतो. घरात आणीबाणीसाठी ठेवावयाच्या विजेरीस तो योग्य आहे. रोजच्या वापरास मात्र तो महाग पडतो.

५.३ बंद शिसे-आम्ल घट : बाजारातील अनेक स्वस्त चार्जिंगच्या विजेऱ्यांत हाच घट आढळतो. तो पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिला तर पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होतात व घट पुन्हा चार्ज होत नाही. रब्बी संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फळीवर ठेवलेली विजेरी मृगाच्या तोंडावर बाहेर काढली असता ती मेलेली आढळते, याचे स्पष्टीकरण येथे आहे. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व टिनाच्या छताखाली तो आणखी चढतो. तापमान वाढते तसा घट आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा विजेरी चार्ज करून घरातील थंड जागी ठेवली, तर हे नुकसान टळते.

५.४ निकेल-मेटल हायड्राइड घट : पेन्सिल सेलाच्या आकारात मिळणारा हा घट सुरक्षित आहे. आपोआप उतरण्याचा त्याचा दोष २००५ नंतर आलेल्या सुधारित घटांत बराच कमी झाला. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. त्यामुळे असे तीन घट किंवा विभवांतर वाढविणारे मंडल लागते.

५.५ लिथियम घट : एकच लिथियम-आयन घट पांढऱ्या एलईडीला पुरेसे विभवांतर देतो, हे त्याच्या प्रसाराचे मुख्य कारण आहे. परंतु मर्यादेपलीकडे चार्ज झाल्यास किंवा लघुमंडल झाल्यास तो पेट घेऊ शकतो. म्हणून संरक्षक मंडल असलेला घटच वापरणे इष्ट. लोह फॉस्फेट प्रकारात त्याच आकारात ऊर्जा थोडी कमी मावते, पण तो उष्णतेत अधिक स्थिर असतो व त्याची आवर्तने कितीतरी अधिक असतात. वऱ्हाडासारख्या उष्ण प्रदेशात हा प्रकार विशेष विचारार्ह आहे.

६. एका रात्रीचा ऊर्जेचा हिशेब

रात्रीच्या दहा तासांच्या पाळीत विजेरी सलग पेटलेली नसते. जाणे-येणे, पाइप हलविणे व मधूनमधून पाहणी यांसाठी एकूण चार तास उजेड लागतो असे गृहीत धरू. जुन्या दोन सेलांच्या विजेरीतील दिवा सुमारे २.४ व्होल्ट व ०.५ अँपिअरचा, म्हणजे १.२ वॅटचा असे. त्याचा प्रकाश १० ते १२ ल्युमेन भरे. १ वॅटची एलईडी सुमारे १०० ल्युमेन देते. थोडक्यात, किंचित कमी शक्तीत आठपटींहून अधिक प्रकाश मिळतो.

१ वॅट व चार तास या हिशेबाने ४ वॅट-तास ऊर्जा लागते. ४ व्होल्ट व ०.९ अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल घटात नाममात्र ३.६ वॅट-तास असतात. आयुष्य टिकवावयाचे तर त्यांतील निम्मेच वापरावेत, म्हणजे १.८ वॅट-तास. यावर विजेरी दोन तासही चालत नाही. प्रत्यक्षात तो घट दररोज तळापर्यंत उतरविला जातो व एक-दोन हंगामांतच निकामी होतो. २,००० मिलिअँपिअर-तासांच्या लिथियम-आयन घटात ७.२ वॅट-तास असतात. त्यांतील ८० टक्के वापरले व मंडलातील १० टक्के व्यय वजा केला तरी सुमारे ५.२ वॅट-तास हाती येतात. एक रात्र निर्धास्त जाते, मात्र दुसऱ्या रात्रीपूर्वी चार्जिंग आवश्यक ठरते.

चार्जिंगचा खर्च नगण्य आहे. ६० टक्के कार्यक्षमता धरली तर ७.२ वॅट-तासांसाठी १२ वॅट-तास वीज लागते. म्हणजे एका युनिटमध्ये असा घट ८० हून अधिक वेळा चार्ज होतो. खर्चाचा खरा प्रश्न विजेचा नसून घट संपल्यावर तो बदलता येतो की संपूर्ण विजेरीच टाकावी लागते, हा आहे. जुन्या पितळी विजेरीचा खटका, काच, दिवा हे सर्व सुटे मिळत आणि बुडाच्या झाकणात जादा दिवा ठेवण्याची जागाही असे. चिकटवून बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या विजेरीत एलईडी अनेक वर्षे टिकणारी असूनही घटासोबत तीही कचऱ्यात जाते.

७. सुरक्षितता व फसवे दावे

भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खोचावयाच्या अनेक स्वस्त विजेऱ्यांत रोहित्र नसते. केवळ एका संधारित्राच्या साहाय्याने विजेचा दाब उतरविलेला असतो. अशा मंडलात चार्जिंग चालू असताना आतील घट व एलईडी यांचा मुख्य विजेशी थेट संबंध असतो. विजेरीचे कवच तडकले असेल, काच निघाली असेल किंवा ती ओली असेल, तर चार्जिंगच्या वेळी तिला स्पर्श करणे प्राणघातक ठरू शकते. शेतातून भिजून आलेली विजेरी पुसून व पूर्ण वाळवूनच चार्जिंगला लावावी आणि चार्जिंग सुरू असताना पेटवू नये. पाच व्होल्टच्या वेगळ्या चार्जरवर चालणारी विजेरी या दृष्टीने अधिक सुरक्षित होय. स्वस्त मंडलात घट भरल्यावर धारा तोडण्याची सोयही बहुधा नसते. तेव्हा रात्रभर चार्जिंगला लावून ठेवण्याची सवय घट सुकवून टाकते.

घटांच्या क्षमतेचे दावेही तपासून घ्यावे लागतात. १८६५० आकाराच्या घटात साधारणतः ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढे क्षमता मावत नाही. त्यावर ९,९०० असा आकडा छापलेला असेल तर तो घट निश्चितच बनावट समजावा. ४५ ग्रॅमपेक्षा बराच हलका घट हीदेखील तशीच खूण आहे.

८. वापरलेल्या घटांची विल्हेवाट

निकामी सेल धुऱ्यावर, विहिरीच्या काठी किंवा उकिरड्यावर फेकण्याची सवय सर्वत्र दिसते. उकिरड्यावरचे खत पुढे शेतातच जाते. शिसे-आम्ल घटातील शिसे हे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक असते. सेल फोडून त्यातील काळी पूड फळा सारवण्यासाठी वापरण्याची जुनी रीतही घातक आहे, कारण त्या पुडीतील मँगनीज श्वासावाटे शरीरात जाते. २००१ च्या नियमांत केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा विचार होता. २४ ऑगस्ट २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत हाती वापरावयाचे लहान घटही समाविष्ट झाले आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. ग्राहकानेही त्या अन्य कचऱ्यात न मिसळता वेगळ्या सुपूर्द करणे अपेक्षित आहे. तथापि, गावपातळीवर संकलनाची जागाच नसेल तर नियम कागदावर राहतो. ज्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडून काढली, त्यांच्या अखेरच्या मुक्कामाच्या परिसरात तरी सेलांसाठी एक वेगळा डबा असणे औचित्याचे ठरेल.

९. निष्कर्ष

१. रात्री शेतात चालण्यासाठी पसरट व जागलीसाठी लांब झोत लागतो. केवळ झोताच्या लांबीवरून विजेरी निवडणे सर्पदंशाच्या धोक्याच्या दृष्टीने अयोग्य आहे.

२. रोजच्या ओलितासाठी बदलता येणाऱ्या लिथियम घटाची, ॲल्युमिनियम नळीची व किमान आयपीएक्स-४ संरक्षणाची विजेरी उपयुक्त ठरते. उष्ण हवामानात लोह फॉस्फेट प्रकार अधिक टिकाऊ आहे.

३. लहान शिसे-आम्ल घट एका रात्रीची गरज सुरक्षितपणे भागवू शकत नाही. त्याचा वापर घरगुती व अल्पकाळाच्या कामापुरता मर्यादित असावा.

४. कोणत्याही एका विजेरीवर विसंबून शेतात जाऊ नये. अल्कधर्मी सेलांची एक लहान विजेरी खिशात असणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

५. रोहित्राविना चार्जिंग व बनावट घट यांचा धोका ग्राहकांपर्यंत पोहोचविणे आवश्यक आहे.

१०. सूचना

ग्रामीण महाविद्यालयांना या विषयात प्रत्यक्ष कार्य करण्यास वाव आहे. बाजारात मिळणाऱ्या विजेऱ्यांचे प्रदीपन लक्समापकाने वेगवेगळ्या अंतरांवर मोजून व्यस्त वर्गाचा नियम पडताळणे आणि घटांची खरी क्षमता मोजणे हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पखर्चिक प्रकल्प होऊ शकतात. रसायनशास्त्र विभागाला घटांची झीज व गळती यांचा अभ्यास करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विजेऱ्यांची तपासणी व स्वच्छता, वापरलेल्या सेलांचे संकलन आणि सर्पदंश प्रतिबंध हे तीन उपक्रम एकत्र घेता येतील. अशा मोजमापांतून मिळालेले आकडे गावकऱ्यांच्या भाषेत त्यांच्यासमोर ठेवले गेले, तर वेष्टनावरील दाव्यांपेक्षा त्यांवर अधिक विश्वास बसेल आणि रात्री ओलिताला निघणाऱ्या माणसाच्या हातात भरवशाचा उजेड असेल.